बिडीच्या वासाचे डोहाळे

२१ एप्रिल

लोकांना चिंचा-कैऱ्या, मला बिडीचा वास! सातव्या महिन्यात मूल गावाजवळच्या माहेरी आले आणि हे भलतंच सुरू झालं. आई आधी पदर तोंडाला लावून हसली. मग गंभीर – "डोहाळे मारू नाई वं हर्षा, लेकराचा कान फुटते."

२२ एप्रिल

संध्याकाळी बाबा अंगणात माझ्या खाटेशी येऊन बसले. हातात बिड्यांचा कट्टा, कोरा, आत्ताच आणलेला. "घे, तुये डोहाळे," म्हणाले आणि पेटवली.

तो वास! तेंदूपानाच्या हंगामात बाबा फळीवर, पानं गोळा करायच्या मैदानात, पुडे वाळत घालायचे, मी मागे मागे. ऊन उतरलं की लांब पळसाखाली बसून एक बिडी ओढायचे आणि मी त्यांच्या मांडीवर डोकं टाकायची. सदऱ्याला तो वास, हाताला तोच, भाताच्या डब्यालासुद्धा. अत्तरं पाणी भरतील त्यापुढे. किती सुखाचे दिवस होते ते.

३० एप्रिल

रोजची बैठक. आई म्हणते, "भरली बापलेकीची कचेरी." मी धूर ओढून घेते, बाळ लाथ मारतं. त्यालाही आवडतं, असं मीच ठरवून टाकलंय.

९ मे

चंद्रपूरला सोनोग्राफी. बाळाची वाढ मागे आहे.

डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोणी बिडी ओढतं? मी हो म्हटलं. मग त्या बोलत गेल्या – दुसऱ्याचा धूरही आईच्या रक्तात उतरतो, नाळेतून बाळाकडे जातो, कॅन्सर करणारं विषसुद्धा. आजपासून बंद करा, अजून वेळ आहे.

मला वाटायचं, ओढणाऱ्याचं काय ते होतं. एवढी शिकलेली मी, आणि भ्यायले कशाला तर कान फुटण्याला! बसमध्ये रडू आवरेना. आणि हे बाबांना सांगायचं कसं?

१० मे

सांगितलं. काडी हातात तशीच राहिली त्यांच्या. "म्हणजे मीनंच केलं."

"मीच मागितलं ना बाबा."

बाबा उरलेला कट्टा उकिरड्यात पुरून आले. आंघोळ केली, सदरा बदलला, तरी लांब पायरीवरच बसले. वासाशिवाय अंगण परक्याचं वाटलं. बाळापुढे काय त्याचं, तरी वाटलं.

११ मे

सकाळी मी आईवर चिडले. इतकी वर्षं त्यांची बिडी सोडवली का नाहीस?

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोडली होती वं. संक्रांतीले छाती भरली, दवाखान्यात होते. तू दोन जिवाची, म्हणून तुले सांगितलं नाई. डॉक्टर म्हणे, आता एक बी बिडी नको. तुया डोहाळ्यापायी परत धरली. मी नाई म्हटलं, आयकते का ते?"

उद्या बाबांना चंद्रपूरला घेऊन जाते.