तांब्या आत राहिलाय

४ नोव्हेंबर, मंगळवार. उपाशीपोटी १९८.
वही शुगर लिहायला आणली. एका आकड्याला एक पान म्हणजे फुकट. म्हणून बाकीचंही लिहितो. कुणी वाचलं तर वाचलं.
बायको, सुनंदा, दिवाळीपासून हॉलमध्ये झोपते. कारण, पंखा. आतल्या पंख्याचा आवाज येतो म्हणे. मी लिफ्ट मेकॅनिक, तीस वर्षं. पंखा उतरवला, बेअरिंग बघितलं, तेल दिलं. आवाज नाही. बाई तरी हॉलमध्येच.
पंखा नाही, मी बिघडलोय. वर्ष होत आलं. आधी कधीतरी व्हायचं नाही, आता होतच नाही. लिफ्टवाल्याचीच लिफ्ट बंद. हा जोक दुसऱ्या कुणी मारायच्या आत मीच मारून ठेवतो.

७ नोव्हें., शुक्र. १९१.
आज जुनी चाळ होती तिथून आलो. आता टॉवर. परळची आमची खोली दहा बाय बारा. आई, दादा, मी, सु., नंतर पोरगी. आम्ही पुरुष गॅलरीत झोपायचो. आई पोरीला घेऊन विहारात गेली, दादा सेकंड शिफ्टला असला, की सु. दारातून म्हणायची, "अहो, तांब्या आत राहिलाय." मी पाणी प्यायला आत. गॅलरीतले म्हणायचे, ह्याला तहान फार.
आता खरंच तहान फार लागते. शुगर.
चाळ सोडून आलो ते दुसरीकडे, नवीन बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर, वन बीएचके. बेडरूमला दार. दाराला आतून कडी. पोरगी लग्न होऊन ठाण्याला. बावीस वर्षं ज्या कडीची वाट बघितली ती मिळाली, आणि आता

११ नोव्हें., मंगळ. २०३.
रात्री दोन चपात्या जास्त. रागाने खाल्ल्या.
गल्लीतल्या डॉक्टरकडे. पडद्यामागे बाकड्यावर चार पेशंट, त्यातला एक आमच्याच बिल्डिंगचा. "काय होतंय?" मी म्हणालो, "अशक्तपणा." सहा महिने हाच शब्द सांगतोय. सहा महिने ते लाल टॉनिक आणि कमरेत इंजेक्शन देतायत. त्यांची काय चूक? शक्ती आलीय तशी. परवा मोटर एकट्याने सरकवली. हवी तिथे येत नाही.

१३ नोव्हें., गुरु. १९५.
माटुंग्याची सोसायटी. तक्रारवहीत लिहिलेलं, 'लिफ्ट बरोबर चालत नाही.' डोकं सटकलं. सेक्रेटरीला म्हणालो, "बरोबर चालत नाही म्हणजे काय हो? कितव्या मजल्यावर अडकते, दार लागतं का, कधीपासून, रोज की मधूनमधून, ते लिहा ना. तुम्ही लाजलात तर मी फॉल्ट शोधू कसा?" सेक्रेटरी रिटायर्ड प्रोफेसर माणूस. उगाच बोललो.
दादरला येईपर्यंत ते वाक्य कानात. तुम्ही लाजलात तर मी फॉल्ट शोधू कसा. अशक्तपणा म्हणे.

१५ नोव्हें., शनि. १८८.
केणी, माझा पार्टनर. कोळीवाड्यातला, तोंडाचा मोकळा. त्याला अर्धंच सांगितलं, बाकी त्याने ओळखलं. डब्याखाली गोळ्यांची पट्टी सरकवली. "घे रे. मेव्हण्याने घेतल्या, वहिनी माहेरी पळाली."
"माझी बीपीची गोळी चालू आहे."
"मग अर्धी घे."
पट्टीवर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही. नाव नसलेला पार्ट मी कुणाच्या लिफ्टला लावत नाही. स्वतःला कसा लावू? पण टाकलीही नाही. टूलबॅगेत आहे. खरं ते लिहायचं ठरवलंय.

१८ नोव्हें., मंगळ. १८४.
मोठ्या हॉस्पिटलची डायबेटिस ओपीडी. सकाळी सातला रांगेत, साडेअकराला नंबर. डॉक्टरीण आमच्या पोरीच्या वयाची. पाय तपासले, डोळ्यांचं विचारलं, मग कागदावरून मान वर न करता, "काका, शारीरिक संबंधांत काही अडचण?"
म्हणालो, "नाही."
एवढं सरळ विचारलं पोरीने. आणि मी नाही म्हणालो. जिन्यातच स्वतःला शिव्या घातल्या. मंगळवारी परत जायचं. जाणार म्हणजे जाणार.

२५ नोव्हें., मंगळ. १७२.
गेलो. बोलता येणार नाही हे माहीत होतं, म्हणून आमच्या फॉल्ट शीटसारखं लिहून नेलं.
तक्रार : ताठरता येत नाही. आली तर टिकत नाही.
कधीपासून : गेल्या डिसेंबरपासून. आधी मधूनमधून, मेपासून कायम.
सकाळी आपोआप : नाही.
इच्छा : आहे.
शुगर : अकरा वर्षं. बीपी : चार. तंबाखू : सोडली म्हणून सांगतो, पण दिवसाला दोन पुड्या.
बाहेरून घेतलेल्या गोळ्या : घेतल्या नाहीत. जवळ आहेत.
कागद पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. तिने वाचला. हसली नाही. म्हणाली, "इतकं नीट कुणी सांगत नाही, काका. लोक अशक्तपणा म्हणतात."
तिने समजावलं. बरीच वर्षं शुगर चढी राहिली की बारीक नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. वायरिंग आणि प्रेशर दोन्ही, असं मी समजलो. कधी कधी ही हृदयाची पहिली घंटाही असते, म्हणून आधी ते तपासायचं, एक हार्मोनचं रक्त बघायचं, मग औषध. केणीची पट्टी तिने ठेवून घेतली. "छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी घेता का कधी?" नाही म्हटलं. "घेत असाल तर ही औषधं अजिबात नाही, लक्षात ठेवा." तंबाखू बंद. शिवाजी पार्कला रोज तीन फेऱ्या.
निघताना म्हणाली, "काकूंना माहीत आहे ना?"
हा कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हता.

३० नोव्हें., रवि. १६६.
सकाळी सु. मेथी निवडत होती. मीही समोर बसलो. अर्धी जुडी निवडून झाली तरी तोंड उघडेना. शेवटी घडी घातलेला तो कागद तिच्यासमोर ठेवला. चष्मा लावून तिने सगळा वाचला. बालवाडीत शिकवते, एकेक अक्षर वाचते.
"हे डॉक्टरला दाखवलंत?"
"हो."
"परक्या पोरीला आधी. मला नंतर."
मी पुढची काडी उचलली.
मग म्हणाली, "मला वाटलं, पिशवी काढली म्हणून मी नकोशी झाले. तुम्ही पाठ करून झोपायचात. म्हटलं, कशाला माणसाला त्रास." पिशवीचं ऑपरेशन गेल्या ऑक्टोबरचं. तारखा बघितल्या तर तिचं काही चुकलं नाही. मी वर्षभर फक्त माझीच वायर तपासत बसलो.
ती रडली. मीही. मेथीत काड्या तशाच राहिल्या, भाजी कडक झाली. दोघांनी खाल्ली.
तरी हॉलमध्येच झोपली. रागावलीय. रागावू दे, हक्क आहे तिचा.

५ डिसें., शुक्र. १६१.
उद्या सहा डिसेंबर. सु.चा भाऊ, भावजय, त्यांची दोन माणसं गावाहून आली. हॉलभर सतरंज्या. सु.ची उशी आत आली. "हॉल भरलाय म्हणून," असं मला ऐकू जाईल इतपत म्हणाली. मी माझी उशी सरकवली.

६ डिसें., शनि.
चैत्यभूमी. रांगेत पाच तास. शुगर मोजली नाही, चालणं भरपूर. तंबाखू न खाता बारावा दिवस असायला हवा होता, नववा आहे. मध्ये चुकलो.

८ डिसें., सोम. १५४.
पाहुणे काल गेले. हॉल रिकामा. उशी आतच आहे.

९ डिसें., मंगळ. १५१.
रिपोर्ट आले. हृदय ठीक. हार्मोन ठीक. गोळी लिहून दिली, नाव असलेली, बिलासकट. तासभर आधी घ्यायची. डॉक्टरीण म्हणाली, "काका, बटण नाही हे. पहिल्यांदा जमेलच असं नाही. शुगर उतरवत राहा, चार-सहा वेळा तरी बघा." सु. सोबत होती. तिनेच जास्त प्रश्न विचारले. मला घाम.

१४ डिसें., रवि. १५६.
गोळी घेतली. तासभर दोघं घड्याळाकडे बघत बसलो, ओपीडीत बसल्यासारखे. अर्धवट. मग तेही नाही. मी भिंतीकडे तोंड केलं. सु.ने दंडाला धरून फिरवलं. "पाठ करायची नाही. बाकी काही होवो न होवो." मग डोकं चेपत बसली. नसा मेल्या असतील तर मेल्या, हे मात्र नीट कळलं.
वाईट वाटलंच. लिहून ठेवतो, वाटलं.

१८ डिसें., गुरु. १४८.
केणी : "काय रे, काम झालं?" मी म्हणालो, "चालू आहे." मग त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, शब्द न बदलता. तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाईचा वार कुठला?" शुगर त्यालाही आहे.
मंगळवार, म्हटलं. सातला ये. मी नंबर लावतो.

२१ डिसें., रवि. १३९.
पहिल्यांदा दीडशेच्या बरंच खाली. तीनच्या चार फेऱ्या मारल्या. तंबाखू आठवडाभर नाही.
दुपार. जेवून हॉलमध्ये ही वही घेऊन बसलोय. पोरीचा फोन येऊन गेला. घरात दोघंच. सु. आत आहे. आत्ता तिने हाक मारली.
"अहो, तांब्या आत राहिलाय."
पंधरा वर्षांनी ऐकलं हे. घरात तांब्या नाहीच. चाळ सोडली तेव्हा भंगारात दिला, आता फ्रिजमध्ये बाटल्या.
गोळी घेतलेली नाही. तासभर थांब म्हणू का तिला? जमेल की नाही, माहीत नाही.
पुन्हा हाक मारतेय. उठतो.