पटेलांचे तैलचित्र आणि झेंडूचा हार

६ जानेवारी १९३५, रविवार
निश्चय केला. येत्या वीस तारखेला घरापुढच्या बागेत चित्रांचे एक्झिबिशन आणि सेल. गोंदियात पहिलेच. एकूण बारा चित्रे. सर्वांत मोठे केशोरीकडचे मालगुजार चुन्नीलाल पटेल यांचे. ऑइल, साडेतीन फूट. पटेलांना मी एकदाच पाहिले, स्टेशनवर, तेही पाठमोरे. पण कलावंताला तेवढे पुरे.

सेलचे खरे कारण इथेच लिहून ठेवतो. बिडी कारखान्याचे नंदलाल शेठ मला लेबलांवर चित्रे काढायला नोकरीवर बोलावतात. बंडलाच्या कागदावर! मी! अनुसयेशी करार केला. एक जरी चित्र विकले गेले तर शेठना साफ नकार, नाही तर एक फेब्रुवारीपासून कारखाना. तिने तुळशीवर हात ठेवायला लावून कबूल करून घेतले. करार मीच सुचवला. अगदी बिनधोक आहे.

१० जानेवारी
बाग साफ करायला पहाटे पाचला उठणार होतो. थंडी. उद्या.

१४ जानेवारी, संक्रांत
आज सणाचा दिवस, कामाला हात लावणे बरे नव्हे. अनुसया म्हणाली, चित्रं टांगाचे तं पेरूले टांगा, माह्या वांग्याच्या वाफ्यात कोनाचा पाय पडला तं मी पाहीन. बायकोला आर्टपेक्षा वांगी मोठी. सहन करतो.

१६ जानेवारी
उत्तम बातमी! पटेल कोर्टाच्या कामासाठी नागपूरला गेले आहेत. रविवारी दुपारी गोंदियाला उतरतील आणि पुढची गाडी मिळेपर्यंत धर्मशाळेत थांबतील. धर्मशाळेचा रस्ता आमच्या फाटकावरून जातो. म्हणजे पटेल येणार, चित्र पाहणार, गहिवरणार, घेणार. यात न घडण्यासारखे काहीच नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ
पटेलांचे चित्र आजच फाटकाजवळच्या पेरूला टांगले. खाली ठळक अक्षरांत नाव. शोभेसाठी झेंडूचा जाड हार घातला. शेजारच्या गोठ्याचा वास मारतो म्हणून समोर उदबत्त्यांचा पुडाच लावला. अनुसया म्हणू लागली, अजी, जित्या मानसाच्या फोटोले हार... मी तिला तिथेच थांबवले. आर्टमध्ये तिने पडू नये.

केशोरीकडे जाणाऱ्या अर्जुनीच्या गाडीचे प्यासेंजर थांबून थांबून पाहत होते. एकाने हात जोडले. एक म्हातारा तर डोळे पुसत स्टेशनकडे पळाला. बहुधा गावी सांगायला. जाहिरातीला एक पैसा लागला नाही.

२० जानेवारी, सकाळी ८
पब्लिक येऊ लागले. चपला फाटकाबाहेर काढून, मान खाली घालून येतात. इतकी शिस्त मला अपेक्षित नव्हती. किंमत कोणीच विचारत नाही. संकोच वाटत असावा.

सकाळी १०
केशोरीकडची चाळीसेक माणसे पहिल्या गाडीने आली. पटेलांचे पुतणे आणि वारस डोमनलालही आले. डोके, मिशा सफाचट. नवी फॅशन असेल. चित्रासमोर मोठमोठ्याने रडले. मधेच कारभाऱ्याला विचारत होते की काकाजीच्या तिजोरीची चाबी कोनापाशी हाये. पटेलांच्या पत्नी देवकाबाई तर चित्राच्या पायथ्याशी बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. माझा ऊर भरून आला. माझ्या ब्रशने आजवर कोणी रडले नव्हते.

एका पाहुण्याने हळूच विचारले, नागपुरात कसं झालं जी? मी म्हटले, नागपुरात नाही, इथेच, माझ्या हातून, तीन महिने लागले. तो दोन पावले मागे सरकला. आदर, दुसरे काय!

अनुसयेला म्हटले, बघ. ती म्हणाली, हे लोक कायले रडून राहिले, तुमाले अजून समजून नाही राहिलं का? बिचारी.

दुपारी ३
पटेल आले. फाटकात थांबले. इथपर्यंत योजनेप्रमाणे.

मग देवकाबाई किंचाळल्या आणि त्यांच्या पायांवर पडल्या. भूत, भूत म्हणत निम्मे पब्लिक वांग्याच्या वाफ्यातून पळाले. डोमनलालना आनंद व्हायला जरा वेळ लागला. पटेलांनी हार पाहिला, उदबत्त्या पाहिल्या, पुतण्याचे डोके पाहिले. विचारले, हे कोनाचं काम? मी नमस्कार केला. त्यांनी काठी उचलली. मी पेरूच्या मागे गेलो. मग त्यांनी चित्र जवळून बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, नाव लिवलं नसतं तं हा कोन हाये, मलेई समजलं नसतं.

संध्याकाळी ६
विकले! जाताना देवकाबाईंनी दहा रुपये अंगणात फेकले आणि चित्र उचलून नेले. म्हणाल्या, असा फोटो जगात राहू नाही पाह्यजे. म्हणजे फक्त त्यांच्यापाशीच राहावा. खऱ्या रसिक. करार मी जिंकला.

२१ जानेवारी
दगा. अनुसया सकाळीच स्टेशनवर जाऊन, पटेलांची गाडी सुटण्याआधी, देवकाबाईंना दहा रुपये परत देऊन आली. म्हणे, ते काही विकत घेनं नोहोय, आलेलं मरन परतवाले फेकलेले पैसे ते, माह्या घरात ठेवन का मी? मी तासभर कायदा समजावला. ती वाफा सारखा करत होती.

२३ जानेवारी
चित्र देवकाबाईंनी त्याच दिवशी धर्मशाळेमागच्या तळ्यात सोडले होते. पाहायला गेलो. उताणे तरंगत होते. चेहरा गेला, एक मिशी तेवढी शिल्लक. फार वाईट वाटले. म्हणजे खरेच वाटले, इथे खोटे कशाला लिहू. त्या मिशांवर एकवीस दिवस घालवले होते.

रात्री जेवणार नव्हतो. पब्लिकने तुडवलेल्या वांग्यांची अनुसयेने भाजी केली होती, ताट पुढे सरकवले. जेवलो.

२८ जानेवारी
उरलेली अकरा चित्रे कोणी फुकटही घेत नाही. रामलाल वकिलांकडे त्यांच्या पोर्ट्रेटचा विषय काढला. ते छत्री टाकून पळाले. गावाची तयारी अजून कमी पडते. अजून तीन दिवस आहेत.

१ फेब्रुवारी, कारखाना
नंदलाल शेठ म्हणाले, आदमी का चेहरा बिलकुल नहीं मास्टरजी, आप तोता बनाओ. सकाळपासून मान वर केली नाही. पोपटाचे पीस न् पीस वेगळे काढले. मन लावून काढले. शेठनी चष्मा लावून पाहिले आणि फार खूश झाले. म्हणाले, मुर्गा बढ़िया है.

कोंबडा छाप बिडी सोमवारपासून बाजारात.