तापवायच्या सुईला गार पाणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली यंत्रतज्ज्ञ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. कोणाचेही दडपण नाही; माझ्यावर दडपण आणायची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नाही. उद्या सकाळी माझ्या यकृतातली गाठ जाळायची आहे. ती मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहे, म्हणून आवराआवर आजच.

राहते घर व बँकेतील ठेव माझ्या यजमानांना मिळावी. माझी बडबड त्यांनी जन्मभर ऐकली, त्या मानाने हे काहीच नाही.

फ्रीज थोरल्या नणंदबाईंना द्यावा. प्रयोगासाठी खाटकाकडून आणलेली यकृतं मी त्यात ठेवत असे. एकदा त्यांनी दूध काढायला दार उघडलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. वन्सं, आता तो घासूनपुसून ठेवला आहे.

पकडी, मीटर व इतर हत्यारे भाचीला. कपाटात ठेवायची नाहीत, वापरायची.

आता डॉक्टरसाहेबांचं. विभागात त्यांना सगळे ‘घाईसाहेब’ म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. गाठीत सुई घालून रेडिओलहरींचा प्रवाह सोडला की गाठ तापून मरते. पण साहेब पहिल्याच झटक्यात प्रवाह वाढवत. सुईजवळचा भाग करपे, करपलेल्या थरातून प्रवाह पुढे जाईना, आणि गाठीची कड जिवंत राही. मी सुचवलं, सुई पोकळ करू, आतून गार पाणी फिरवू, प्रवाह बेताबेताने वाढवू. भर बैठकीत ते म्हणाले, “तापवायच्या सुईला गार पाणी? बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

सगळे हसले. मला फार लागलं. पुढे माझं म्हणणं आधी खाटकाकडच्या यकृतांवर, मग रुग्णांवर सिद्ध झालं. आज साहेबही तीच सुई वापरतात. शब्द मात्र त्यांनी कधी मागे घेतले नाहीत, आणि प्रवाह वाढवायला हात अजून शिवशिवतातच.

तरीही उद्या सुई त्यांनीच धरावी, हा माझा हट्ट. वाहिनीला धक्का न लावता सुई नेमकी बसवणारा तसा हात दुसरा नाही. भीती एवढीच, की वाहतं रक्त उष्णता पळवतं. तिथे घाई झाली तर कड उरेल आणि गाठ पुन्हा वाढेल.

साहेबांना काहीही देऊ नये. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरी दाखला जोडावा लागतो आणि दाखला देणाऱ्याला वाटा नसलेला बरा, असं वकील म्हणाले. मी म्हटलं, मग दाखला त्यांचाच घ्या.

बाकी तक्रार नाही. ज्या कामात जन्म घालवला तेच आपल्या उपयोगी पडावं, हे भाग्य कितीजणांना लाभतं? मी समाधानी आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचं टेबल.
दिनांक: उपचाराच्या आदल्या दिवशीचा.
सही: लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे खाटीक (मी नेत असलेली यकृतं पाहून इतकी वर्षं त्यांना वाटे, आमच्या घरचं खटलं मोठं आहे)
२. समोरच्या शिंपीणबाई

डॉक्टरांचा दाखला, त्यांच्याच अक्षरात:
सदर बाईंना मी आज तपासले व वरील मजकूर वाचला. त्यांचे डोके पूर्णपणे ठिकाणावर आहे. त्या बैठकीतही ते ठिकाणावरच होते. उद्या आधी पाणी सुरू करीन, मगच प्रवाह, तोही सावकाश.
सही: घाईसाहेब