बारीक जाळं

१२ मार्च

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. निवृत्तीनंतर इकडेच येऊन राहायचं पक्कं केलंस आणि वरच्या खोलीचा रंगही ठरवून टाकलास! तुझ्या भाऊजींना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. फिकट निळा म्हटल्यावर म्हणाले, "डाग दिसतात." एवढंच.

आम्ही बरे आहोत. गेल्या आठवड्यात आपल्या कॉन्व्हेंट शाळेचा पियानो ट्रकमध्ये चढवताना पाहिला. सिस्टर आपल्याला खिडकीपाशी उभं करून होड्या मोजायला लावायच्या आणि तू नेहमी एक जास्त मोजायचीस, आठवतं? दोर आवळताना आतून एक सूर आपोआप वाजला. मी रस्त्यात उभी राहून "गुड आफ्टरनून, सिस्टर" म्हणाले. म्हातारचळ, दुसरं काय!

शाळा बंद झाली, हे तुला कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं. आधी बर्फाचा कारखाना बंद पडला, मग डॉक्टर गेले, मग पाववाला. मासेच नाहीत तर बर्फ कशाला आणि माणसं कशाला?

मासे लहान मिळू लागले तेव्हा सगळ्यांनी जाळी बारीक विणून घेतली. मूल वाढलं की आपण कपडे मोठे शिवतो. इथे मासे खुरटले म्हणून आम्ही जाळं आखडलं. पिल्लंसुद्धा सुटेनात. विणीच्या दिवसांत होड्या बांधून ठेवायच्या, हा आपल्या आजोबांच्या वेळचा शब्द. एका वर्षी एकाने तो मोडला. शेजारचा म्हणाला, "मग मीच काय उपास करू?" आठवड्याभरात धक्का रिकामा. तुझे भाऊजी सगळ्यांत शेवटी समुद्रावर गेले, पण गेले. "मी थांबलो असतो तरी मासे वाचले नसते," म्हणतात. गावात घराघरांत हेच वाक्य आहे.

आता माणसं एकमेकांची जाळी कापतात. चिमणे, मागच्या महिन्यात आपली होडी कुणीतरी जाळली. कुणी, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मुलीला मी पाढे शिकवलेत. वाटेत भेटला की अजून विचारतो, "वहिनी, बऱ्या आहात ना?" मीही "बरी आहे" म्हणते. आणखी काय म्हणणार?

तेव्हा तू येऊ नकोस. ज्या गावी यायला निघालीस, ते आता नाही.

काल चहा पिताना हे अचानक म्हणाले, "तिला लिही. तिच्याकडे दोन माणसं मावतील का, विचार." इतक्या वर्षांच्या संसारात यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. कप धुवायच्या निमित्ताने मी आत गेले.

तुझी जागा लहान, तुझ्या सवयी वेगळ्या. जमणार नसेल तर मोकळेपणाने लिही, मी रागावणार नाही. जमत असेल तर एकच कर. यांना समुद्राचं काही विचारू नकोस. गळका नळ दाखव, निखळलेली कडी दाखव. हाताला काम असलं की ते बोलतात.

आजवर तुला "ये गं" म्हणत आलेली आणि आज "येऊ का?" विचारणारी,

तुझी ताई