पुसलेले गोल

३ मार्च

कोणती स्लाइड कधी पुसली ते माझ्या अक्षरात लिहिलेले हवे, मागाहून वाद नको, असे प्रमुख डॉक्टरांनी आल्याआल्या बजावले. म्हणून ही वही. एरवी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली मी नव्हे.

प्रयोगशाळेची जागा छान आहे. पूर्वेला मोठी खिडकी, ऐसपैस टेबल, कपाटाएवढा नवा स्कॅनर. रोग्यांच्या गाठींचे पातळ काप लावलेल्या तीस वर्षांच्या स्लाइड्स खणांत रचलेल्या आहेत. त्या सगळ्या संगणकात जायच्या. जुने डॉक्टर, आता हयात नाहीत, रोगट भागाभोवती काचेवर हिरव्या शाईने पूर्ण गोल काढत. बाकीचे दोन ठिपके देऊन मोकळे होतात. स्कॅनरची नजर शाईवरच अडते आणि चित्र पुसट येते, म्हणून शाई स्पिरिटने पुसायची. ते माझे काम.

धाकट्या बहिणीच्या मानेतली गाठ नऊ वर्षांपूर्वी इथेच तपासली होती. आहे तिथेच थांबली आहे, निर्धास्त राहा, असे जुन्या डॉक्टरांनीच सांगितले होते. तेव्हापासून धाकटी ठणठणीत आहे आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू आहे.

५ मार्च

एकसष्ट स्लाइड्स पुसल्या. क्रमांक मागच्या पानावर. स्कॅनर चालवणारी मुलगी काहीही विचारा, ‘झालंच’ म्हणते. मला मावशी म्हणू लागली. मी म्हटले, तुझी आई मला बहीण मानत असेल तर खुशाल म्हण, नाहीतर बाई म्हण. आता ‘बाईमावशी’ म्हणते.

९ मार्च

पुसण्याआधी मी प्रत्येक गोलाची जागा कागदावर उतरवून घेते. आज पडद्यावर ताडून पाहिले. बारा स्लाइड्समध्ये काळपट, रोगट पेशी गोलाच्या जागेबाहेर आहेत. ‘झालंच’ने घाईत चित्रे इकडची तिकडे केली असणार. तिला फैलावर घेतले. ती रडवेली झाली, म्हणाली, बाईमावशी, काचच बघा ना. जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काचेतही बाहेरच.

मग खणांना हात कोण लावतो?

११ मार्च

खणांना कुलूप घातले, किल्ली पदराला. न पुसलेली एक स्लाइड स्वतः पाहिली. पेशी गोलाच्या आतल्या कडेला चहूबाजूंनी दाटलेल्या, कोंडवाड्यातली गुरे कुंपणाला अंग घासतात तशा. बाहेर एकही नाही. वीस वर्षांपूर्वी मेलेला, रंगवलेला, दोन काचांत बंद केलेला काप हा. शाई पुसली. जेवून आले. पेशी बाहेर.

प्रमुखांना सांगितले. ते म्हणाले, बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

१२ मार्च

धाकटीकडे जुना रिपोर्ट मागितला. तिने विचारले, ताई, आता माझी परीक्षा घेणार का? त्यावरचा क्रमांक वहीत सापडला, पुसलेल्यांत. ५ मार्च. माझ्याच अक्षरात.

१३ मार्च

तिची स्लाइड पाहिली. पेशी काप ओलांडून पुढे. हिरवे पेन घेऊन सगळ्याभोवती गोल काढायला गेले— काचेवर जागाच उरलेली नाही. कडेपर्यंत पोचल्या आहेत.

‘झालंच’ला म्हटले, यंत्र थांबव. ती म्हणाली, प्रमुख रागावतील.

१४ मार्च

संध्याकाळी धाकटीची मान पाहिली. जुन्या व्रणाशेजारी हरभऱ्याएवढे काही. ती म्हणते, डास चावला, तुला सगळीकडे गाठीच दिसतात. मी बोट लावले. बोटाखालून सरकले.

गोल काढला. ती हसत होती, गुदगुल्या होतात म्हणून.

१५ मार्च

सकाळी आतच होते. दुपारी कडेला टेकलेले. शाई घामाने—

धाकटी आता हसत नाही.

१६ मार्च

प्रमुखांनी काम सोडायला सांगितले. ‘झालंच’ला सोपवले ते असे:

न पुसलेल्या स्लाइड्स, तीन खण. पुसू नकोस असे तिला तीनदा सांगितले. ती हो म्हणाली, आणि स्पिरिट कुठे आहे विचारले.

किल्ली, एक.

स्पिरिटची बाटली— मोरीत ओतली. रिकामी दिली.

धाकटीची स्लाइड. दिली.

हिरवे पेन दिले नाही. घरी आणले. दुसरा गोल खांद्यापर्यंत काढला आहे. तिसरा पाठीवरून घेते आहे. ती विचारते, ताई, अजून किती जागा— मी म्हटले हलू नकोस, आहे, अजून—