त्या चित्रपटातलं एक खरं दृश्य

प्रिय बाबा,
तुम्हा दोघांना इथूनच नमस्कार.

१. तुम्ही डोक्यावर घेतलेला तो हिंदी थरारपट काल ऑफिसातल्या मुलींबरोबर पाहिला.
२. खलनायक लिफ्टचा दोर कापतो तेव्हा सगळं थिएटर किंचाळलं. मला हसू आलं. लिफ्टला एकच दोर नसतो, आणि सगळे तुटले तरी ब्रेक लागतो.
३. मग नायिका दार उघडते आणि आत लिफ्टच नसते. तिथे मी हसले नाही.

"खुर्चीला खिळून राहशील, बघ!" असं तुम्ही म्हणाला होतात. खुनी कोण ते मला मध्यंतराआधीच कळलं. गाजावाजा जरा जास्तच झाला, असं माझं मत. पण ते दार खरं आहे. लिफ्ट तपासायच्या कामात मी तसं एक पाहिलं आहे.

परवा आई फोनवर कौतुकानं सांगत होती, "ह्यांनी आपल्या मजल्यावरचं लिफ्टचं दार नीट केलं बाई! कुलपात पुठ्ठा कोंबला, आता ओढलं की उघडतं." बाबा, लिफ्ट समोर नसताना दार उघडू नये, यासाठीच ते कुलूप असतं. मी तेव्हाच सांगितलं, तर "आली मोठी इंजिनीअर!" म्हणून तुम्ही हसलात. आता लिहूनच सांगते आहे.

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत? ती अजूनही मागे वळून शेजारच्या काकूंशी बोलत बोलतच लिफ्टमध्ये पाऊल टाकते का?

पुठ्ठा काढा आणि मेकॅनिकला बोलवा. तोवर दोघंही जिन्यानं जा. काढलात की नाही, ते मला शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची,
चिमणी