टायवो आधी जाऊन बघून येते

इबादान

ती. अबेनीआक्का हिला धाकट्या अकिनलाबीचा जमिनीला पोट टेकवून नमस्कार. (खरंच टेकवलं होतं. उठवायला शेजारचा सुतार बोलवावा लागला, तेव्हा या वर्षाचे उरलेले नमस्कार खुर्चीतूनच गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींच्या शिंका थांबल्या, की अजून शेजारी तक्रार करतात? आम्ही इथे ठणठणीत. जे ठणठणीत नाही ते पुढे येईलच.

तुला ठाऊकच आहे, आमची लेक मोरेनिके पोर्ट हारकोर्टच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली आणि जाताना जुळी माझ्या पदरात टाकून गेली. त्यावर लागोसहून विहीणबाईंचं फर्मान आलं, की म्हाताऱ्याला पोरं शाळेसाठी तयार करणं जमणार नाही, या सत्रात दोघांनाही शाळेत घेतलं तर ठीक, एक जरी राहिलं तरी दोघांना मी लागोसला नेणार. आणि मोरेनिके चक्क हो म्हणाली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर लॉऱ्या हाकल्या, कसल्या कसल्या क्लीनरांना वळण लावलं, आणि मला ही दीड वितीची पोरं जमणार नाहीत? (विहीणबाईंचा स्वतःचा मुलगा लग्नात शर्टाची बटणं वरखाली लावून उभा होता, हे मी काढलं नाही. माणसाने मोठं मन ठेवावं.)

शाळा आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे. तिथल्या ओयेलामी मॅडमना जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, बाबा, अक्षरं आम्ही शिकवू, तुम्ही घरी एवढंच करा की पोरांना आपली बटणं लावता यावीत, आपल्या हाताने जेवता यावं, थोडा वेळ एका जागी बसता यावं आणि काय हवंय ते तोंडाने सांगता यावं. म्हटलं, हात्तिच्या! बसण्यापासून सुरुवात केली. चटई टाकली, दोघांना बसवलं, मी पण बसलो. जाग आली तेव्हा चटईवर मी एकटाच होतो आणि माझ्या टोपीत कोंबडी बसली होती. मग मोजणी. आयो खेळायचा खळग्यांचा पट काढला, म्हटलं बिया एका खळग्यातून दुसऱ्यात टाकत मोजा. मोजायला शिकली, नाही असं नाही, पण त्याआधी माझ्या बिया चोरायला शिकली. आता हरतो मी.

खरी गोम मात्र वेगळीच होती. आपल्यात जुळ्यांतली आधी येते ती टायवो, मागून येतो तो केहिंडे, पण धाकटी टायवोच. केहिंडे आतूनच तिला पाठवतो, जा, जग कसं आहे ते बघून ये, आणि तिने रडून कळवलं की मग साहेब सावकाश बाहेर येतात. हे तुला मला शेंबड्या वयापासून माहीत, पण कौतुकाच्या भरात मी ते या पोरांना रोज सांगत बसलो ना! झालं. केहिंडे गावच्या प्रमुखासारखा बसून राहायचा. ताटातला अमाला आधी टायवोने चाखायचा, अंघोळीचं पाणी आधी टायवोने बघायचं, बटण आधी टायवोने लावून दाखवायचं, मग दादा हात लावणार. मी ओरडलो तर म्हणतो, "आजोबा, तुम्हीच सांगितलं की मी मोठा." मीच सांगितलं होतं.

परीक्षेच्या दिवशी दोघांना इस्त्रीचे कपडे घातले. मॅडम एकेकाला आत बोलावत होत्या. पहिली कोण जाणार हे सांगायलाच नको. मॅडमनी कोंबडीचं चित्र दाखवलं, हे काय? टायवोने नीट पाहिलं, खुर्चीवरून उडी मारली आणि पळत व्हरांड्यात येऊन केहिंडेला सांगितलं, "कोंबडी आहे, कागदाची, चावत नाही." परत आत. रंग दाखवले, परत बाहेर. "लाल आणि निळा. मॅडम बऱ्या आहेत, पण तोंडाला कांद्याचा वास येतो." खडू हातात दिला तर चाटून बघितला आणि तोही निरोप पोचवला. मॅडमना मात्र एक अक्षर सांगितलं नाही, कारण त्यांना सांगायचंय हे तिच्या गावीही नव्हतं. मग केहिंडेमहाराज आत गेले, पालथं पडून नमस्कार केला आणि मॅडमनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, कोंबडी, लाल, निळा, खडू खायला चांगला नाही. (कांद्याचं तेवढं गाळलं. ही अक्कल मी शिकवलेली नाही.) मॅडम खूश! केहिंडेला घेतलं. टायवो एका जागी बसत नाही, विचारलेलं सांगत नाही, पुढच्या वर्षी आणा म्हणाल्या.

आक्का, अट आठवते ना? एक राहिलं म्हणजे दोघंही लागोसला. त्या रात्री घास उतरला नाही.

सत्र सुरू झालं त्या सकाळी केहिंडेला दप्तर अडकवून आणि टायवोला बोटाला धरून फाटकापर्यंत नेलं, तर तो तिथेच बसला. वर्गाच्या बाई आल्या, बिस्किट दाखवलं, मॅडम आल्या, डोळे दाखवले. हा ढिम्म. शांतपणे म्हणाला, "टायवो अजून आत बघून आली नाही." मॅडम वैतागून म्हणाल्या, जा बाई, बघून ये एकदाची. टायवो गेली आणि सगळी शाळा पालथी घालून आली. मग मॅडमच्या समोर कंबरेवर हात ठेवून सांगायला लागली, की आत तीन मुलं रडतायत, त्यातलं एक उगाच रडतंय, लाल खुर्ची डुगडुगते, निळीवर बस, नळ गळतो, शू करायची जागा उजव्या हाताला आहे, पण कडी हाताला येत नाही, बाईंना हाक मारायची, आणि बाई हसतात तेव्हा खरंच हसतात. मॅडमनी आ वासला. "ही मुलगी विचारलेलं सांगत नाही असं कोण म्हणालं?" असं त्यांनीच विचारलं! मी म्हटलं, कोणी का म्हणेना. तिथल्या तिथे टायवोचं नाव घातलं. विहीणबाईंना फोनवर दोनदा कळवलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. जिंकलो, आक्का!

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार (खुर्चीतूनच).

तुझा धाकटा
अकिनलाबी

ता. क. विहीणबाईंची गाठ पडली तर सांग, ही माझी खास पद्धत होती आणि सगळं ठरवून केलं. टोपीतल्या कोंबडीचं बोलू नकोस.

ता. क. दुसरा : खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. दोघांना वेगवेगळ्या वर्गात बसवलंय. मला वाटलं, रडतील, मला हाक मारतील. दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. तेव्हापासून मी सकाळी त्यांना सोडतो आणि सुटेपर्यंत फाटकापाशीच थांबतो. रखवालदाराने स्टूल दिलंय. काल मॅडम म्हणाल्या, बाबा, पोरं तयार झाली, तुमचीच तयारी कच्ची आहे. मधे एखादवेळी घरी जातो गं, पण दार उघडलं की आत कोणी ओरडत नाही, मग परत फिरतो. तू चार दिवस ये. पोरं यायच्या वेळेपर्यंत घरात एकट्याने कसं बसायचं, ते मला कोणीतरी शिकवायला हवं.